पाळण्यात बसण्याचे वय

गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. पत्र लहानच, परंतु प्रश्न नेमका. त्या लिहितात की, सुटीत घरातील सर्व मुले एका क्रीडोद्यानास जावयाची आहेत. आजोबांनीही बरोबर यावे असा मुलांचा हट्ट आहे. आजोबांचे म्हणणे मात्र असे की, 'पाळण्यात बसावयाचे माझे वय आता राहिले नाही. तुम्ही जा, मी घर सांभाळतो.' या बाबतीत मास्तरांचे मत काय?

मास्तरांचे मत विचारणाऱ्यांस मास्तरांचा इतिहास ठाऊक नसतो, हे एका परीने बरेच आहे. ठाऊक असता तर या भगिनींनी हा प्रश्न दुसऱ्या कोणास तरी विचारला असता. कारण त्या आजोबांचे हे वाक्य मी स्वतः तीस वर्षे बोलत आलो. इतकेच नव्हे, तर स्वतः गेलो नाही आणि ज्यांचे पाळण्यात बसावयाचे वय होते त्यांसही जाऊ दिले नाही. तेव्हा मत देण्यापूर्वी ती हकीकत सांगणे प्राप्त आहे.

आमचे बिऱ्हाड भाईंदरास, पश्चिमेच्या बाजूस. स्टेशनावरून उत्तनकडे जाणारी मोटार धरली म्हणजे मुर्धे, राई, मोर्वा ही गावे लागतात. दुतर्फा मिठागरे, हिवाळ्याच्या सुमारास त्यांत पांढरे ढीग. पुढे डोंगरी, मग उत्तन, आणि तेथून दक्षिणेकडे वळले की गोराई. हा सारा प्रदेश म्हणजे जुने धारावी बेट. (मुंबईतील धारावी ती निराळी.) चौक येथे समुद्राकडे तोंड करून जो धारावीचा किल्ला आहे, त्यासाठी १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठे आणि फिरंगी निकराने झुंजले. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ च्या मे महिन्यात. हे सर्व मी शाळेत इतक्या वेळा शिकविले आहे की, त्या रस्त्याचा प्रत्येक फाटा मला सनावळीसह पाठ आहे. त्याच रस्त्याच्या शेवटास, गोराईत, १९८९ साली एस्सेलवर्ल्ड नावाचे क्रीडोद्यान उघडले. मुंबईकर मंडळी मार्व्याहून अथवा बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडून नावेतून तेथे जात. आम्हां भाईंदरकरांस मात्र नावेचीही गरज नव्हती. मोटारीत बसावयाचे आणि उतरावयाचे. इतक्या जवळचे स्थळ मी तीस वर्षे पाहिले नाही, यावरून माझ्या निश्चयाच्या बळाची कल्पना वाचकांस येईल.

हे उद्यान उभारणारे उद्योजक श्री. सुभाष चंद्र यांनीच पुढे १९९२ मध्ये झी ही दूरचित्रवाहिनी सुरू केली. दिल्लीस १९८४ मध्ये अप्पू घर निघाले होते, परंतु मुंबई-ठाण्याच्या मुलांस दिल्ली दूर. गोराई जवळ. शिवाय दूरचित्रवाणीवर त्या उद्यानाची जी जाहिरात लागे, तिच्या गाण्याने साऱ्या घरांत धुमाकूळ घातला होता. त्या गाण्यातील मूल असे म्हणते की मी आता येथेच राहणार, घरी परत जाणार नाही. झाले! आमच्या एकत्र कुटुंबात तेव्हा आम्हां तीन भावांची मिळून सात मुले होती. सातही जणांनी हे गाणे जेवणाच्या पंगतीत एका सुरात म्हटले, तेव्हा मी हातातला घास खाली ठेविला आणि घर सोडून जाण्याची भाषा शुभ नव्हे, या विषयावर मुलांस अर्धा घटकाभर बोध केला. भात निवून गेला. मुलांनी ते गाणे माझ्यादेखत पुन्हा म्हटले नाही. माझ्यामागे म्हणत असत, हे पुढे कळले.

येथे माझ्या संस्कृताभ्यासाचा संबंध येतो, आणि तो मला फारसा भूषणावह नाही.

धारेच्या भोजराजाचा 'समराङ्गणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ अकराव्या शतकातला. म. म. गणपतिशास्त्री यांनी तो संपादिला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये तो छापला गेला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायाचे नाव यंत्रविधान. त्यात लाकडी यंत्रपुरुष आहेत, उडणारे दारुविमान आहे. आणि माझ्या विशेष आवडीचा भाग म्हणजे त्यात यंत्राने फिरणाऱ्या पाळण्यांचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांस तो दोला म्हणतो. वसंत, वसंततिलक, विभ्रमक, त्रिपुर अशी त्यांची नावे. विभ्रमक हे नाव तर असे समर्पक की उच्चारतानाच भोवळ यावी. तसेच पाण्याच्या क्रीडेसाठी धारागृह, प्रवर्षण, प्रणाल, जलमग्न, नंद्यावर्त असे पाच प्रकारचे वारिगृह वर्णिले आहेत. छतातून पाऊस पाडणारे घर काय, पाण्याखालचे घर काय! आणि मौज अशी की, ही यंत्रे कशी जोडावी हे सविस्तर सांगण्याची वेळ येते तेव्हा भोजराज म्हणतो, मी हे सांगत नाही ते अज्ञानामुळे नव्हे, विद्या गुप्त राहावी म्हणून. आम्हां शिक्षकांस हे उत्तर फार उपयोगी पडण्यासारखे आहे.

हा अध्याय मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगत असे. हजार वर्षांपूर्वी आमच्या राजांच्या उद्यानांत फिरते पाळणे होते, हे सांगताना माझा आवाज चढत असे. आणि एके वर्षी असे झाले की, तास संपल्यावर एक विद्यार्थी उभा राहिला आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, "सर, म्हणजे एस्सेलवर्ल्डच ना?" वर्ग हसला. मी त्यास खाली बसविले. त्याच आठवड्यात वार्षिक सहलीसाठी मुलांनी त्या उद्यानाचे नाव सुचविले होते आणि मुख्याध्यापकांनी माझे मत मागविले होते. ते मी असे दिले की, सहल ही ज्ञानार्थ असावी, चैनीसाठी नसावी. त्या वर्षी मुलांस घोडबंदरचा किल्ला दाखविला. पुढील वर्षी वसई. त्याच्या पुढील वर्षी कान्हेरीची लेणी. ही स्थळे उत्तमच आहेत, त्यांबद्दल माझे आजही दुमत नाही. परंतु भोजराजाच्या पाळण्याचा अभिमान बाळगावयाचा आणि गोराईचा पाळणा निषिद्ध ठरवावयाचा, यातली विसंगती त्या मुलास जितकी दिसली तितकी मला दिसली नाही.

माझ्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्यांनी एकदाच, पोळी लाटता लाटता, मला सांगितले, "अरे, जत्रेत रहाटपाळणा यायचा तेव्हा तुझे आजोबा आम्हां सगळ्या पोरींना एकेक पैसा देत. धर्म बुडाला नाही कुणाचा." आमच्या जत्रांतील रहाटपाळणा ही काही विलायतेहून आलेली वस्तू नव्हे. अमेरिकेत फेरिस नामक अभियंत्याने १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात आपले प्रचंड पोलादी चक्र उभारले आणि जगभर त्याचेच नाव झाले. परंतु त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी, १६१५ मध्ये, पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने कॉन्स्टँटिनोपलास असे लाकडी चक्र पाहिले होते आणि हौसेने त्यात तो बसलाही होता. मातोश्रींस हे काही ठाऊक नव्हते. त्यांस फक्त वरून आपले गाव केवढे दिसते, ते ठाऊक होते. मी त्यांस काय उत्तर दिले ते आता स्मरत नाही. पैशाचे काहीतरी बोललो असेन. सात मुलांची तिकिटे ही त्या काळी खरोखरच मोठी रक्कम होती, आणि खर्चाचे कारण पुढे करणे सोपे असते. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दोन वर्षांत एकदा ती रक्कम उभी राहिली असती.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना लेखणी अंमळ अडखळते.

१९९६ साली माझी कन्या सहावीत होती आणि माझ्याच शाळेत, मराठीच्या तासास माझ्याच वर्गात होती. मी निबंधास विषय दिला होता, 'मी केलेला प्रवास'. तिने चार पाने लिहिली. एस्सेलवर्ल्डास आपण घरातील सर्वांसह कसे गेलो, याचे ते वर्णन होते. घरातले कोणीही तेथे गेलेले नव्हते, हे तिला ठाऊक आणि मलाही ठाऊक. मी तिच्या निबंधावर तांबड्या शाईने लिहिले : 'कल्पित. प्रत्यक्ष पाहिले तेच लिहावे.' दहांपैकी चार गुण दिले. परीक्षक आपल्या मुलीस पक्षपात करीत नाही हे वर्गास दिसावे, हाही हेतू त्यात होता. वही परत देताना तिने शेरा वाचला, वही मिटली आणि जागेवर जाऊन बसली.

त्या दिवसानंतर आमच्या घरात त्या उद्यानाचा विषय कोणी काढला नाही. माझा उपदेश पटला, असे मला वाटले.

मुलगी हुशार. पुढे अभियंता झाली, पुण्यास नोकरीस लागली, तेथेच तिचा संसार झाला. वसतिगृहात असताना तिची पत्रे येत, ती मोठी नेटकी असत : प्रकृती बरी आहे, परीक्षा अमुक तारखेस आहे, खर्च इतका झाला. सौभाग्यवती म्हणे, "हिची पत्रं म्हणजे हिशेबाची वही." मला त्या पत्रांचा अभिमान वाटे. एकही शब्द अधिक नाही. कल्पित तर काहीच नाही.

२०१९ च्या जानेवारीत माझी षष्ट्यब्दी झाली. शांत झाली, अभिषेक झाला, पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या घरी गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी कन्या म्हणाली, "अण्णा, माझी भेट अजून द्यावयाची राहिली आहे. तुम्ही फक्त चपला घालून चला." कोठे, असे विचारले तर सांगेना. मोटारीत मी, ती आणि जावईबापू. उत्तनचा फाटा आला तेव्हा मला वाटले, पॅगोड्यास नेत आहेत. गोराईचा विपश्यना पॅगोडा मी पूर्वी दोनदा पाहिलेला. २००९ च्या फेब्रुवारीत तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मध्ये एकही खांब नसलेला तो दगडी घुमट आणि त्याखाली एका वेळी आठ हजार माणसे ध्यानास बसू शकतात. त्याची भूमी सुभाष चंद्र यांनीच दिलेली, म्हणून तो उद्यानाच्या अगदी लगत. दोन्ही वेळा मी पॅगोड्यात गेलो तेव्हा शेजारच्या दारासमोरून मान वळवून गेलो होतो. या वेळी मोटार त्या दाराशी थांबली.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती आवाज. यंत्रांचा नव्हे, माणसांचा. मुले ओरडतील हे मी धरूनच चाललो होतो, परंतु ओरडणाऱ्यांत मुलांपेक्षा मोठीच माणसे अधिक होती. एक धिप्पाड गृहस्थ, बहुधा कोठल्या तरी कचेरीतील साहेब, एका फिरत्या चक्रातून उतरला आणि बायकोचा खांदा धरून हसत हसत खाली बसला. हातांत हिरवा चुडा असलेल्या दोन नववधू आपापल्या नवऱ्यांस मागे टाकून पुढच्या रांगेकडे धावत होत्या. कोणी कोणास ओळखत नव्हते, आणि तरीही पाळण्यातून उतरणारा रांगेत उभ्या असलेल्यास 'काही होत नाही हो' म्हणून धीर देत होता. लग्नकार्यातही इतका मोकळेपणा मी पाहिलेला नाही. मी हातरुमालाने चष्मा पुसत एका झाडाखाली उभा राहिलो. कोणी माजी विद्यार्थी भेटेल की काय, ही एक धास्ती मनात होती. भेटलाच! मुलास खांद्यावर घेऊन आलेला तो मला पाहून क्षणभर इतका चकित झाला की, नमस्कार करण्याचे विसरला. मग म्हणाला, "सर, तुम्ही इथे?" मी म्हणालो, "भोजराजाचा एकतिसावा अध्याय पाहावयास आलो आहे." तो इतका मोठ्याने हसला की त्याच्या खांद्यावरचे पोर दचकले.

तेथील मोठमोठ्या यंत्रांच्या वाटेस मी गेलो नाही. एका खांबावर माणसांस वर चढवून खाली सोडून देणारे 'शॉट अँड ड्रॉप' मी दुरूनच पाहिले, आणि ते पाहणे पुरेसे झाले. 'टॉप स्पिन' पाहताना तर त्रिपुरासुराचीही कीव आली. परंतु कन्येने माझ्यासाठी 'झिपर डिपर' ही गाडी निवडली होती. रुळांवरून धावणारी, चढउतारांची. इतरांच्या मानाने सौम्य म्हणून लहान मुलांस आणि त्यांच्या आजोबांस चालणारी.

अशा गाड्यांचे तत्त्व वाचकांपैकी शास्त्र शिकलेल्यांस ठाऊक असेल, तरी सांगतो. कारण गाडीत बसेपर्यंत मलाही ते केवळ पुस्तकातच ठाऊक होते. सामान्यतः या गाडीस पहिल्या चढावर साखळीने ओढून नेतात. तेथे साखळी सुटते आणि त्यानंतर गाडीस ओढणारे कोणी नाही. त्या एका चढावर जेवढी उंची मिळाली तेवढीच तिची पुंजी. उताराला तिचा वेग होतो, पुढच्या चढाला पुन्हा उंची होते, आणि घर्षणापायी दर फेऱ्यास थोडी थोडी खर्ची पडते, म्हणून पुढचे चढ पहिल्यापेक्षा ठेंगणे ठेवावे लागतात. आणि उतारावर पोटात गोळा येतो तो भीतीने येतो असे आपण समजतो, ते अर्धेच खरे. आसन आणि आपण एकाच वेगाने खाली पडत असल्यामुळे आसन आपणांस वर रेटीत नाही. देहाचा भार नाहीसा झाल्यासारखा होतो. पोटातील आतडी देखील क्षणभर निराधार होतात. साठ वर्षे जो भार वाहिला तो अर्धा क्षण उतरतो, आणि त्याचीच माणसास भीती वाटते! हे सर्व मी गाडी चढू लागली तेव्हा मनात घोकीत होतो. साखळीचा कड् कड् आवाज होत होता. चष्मा काढून खिशात ठेवावा, असे रखवालदाराने सांगितले होते, तो ठेविला. त्यामुळे समोरचे सर्व जग धूसर झाले आणि पलीकडे पॅगोड्याचा सोनेरी कळस तेवढा एका पिवळ्या ठिपक्यासारखा दिसू लागला. माथ्यावर गाडी क्षणभर थबकली. तेथून पुढे शास्त्र संपले. मी डोळे मिटले, आणि लहानपणी वडिलांनी तिन्हीसांजेस म्हणवून घेतलेली रामरक्षा आपोआप ओठांवर आली. माझा डावा हात कोणीतरी घट्ट धरला होता.

किती वेळ गेला, सांगवत नाही. जावईबापू म्हणतात, फार तर दोन मिनिटे.

उतरल्यावर आम्ही एका बाकावर बसलो. जावईबापू चहा आणावयास गेले. कन्या काही वेळ काही बोलली नाही. मी पाहिले तो तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती. मला वाटले, वारा लागला असेल. मग ती म्हणाली, "अण्णा, तुम्हाला माझा सहावीतला निबंध आठवतो का?"

निबंध लिहिल्याचे आणि शेरा मारल्याचे मला आठवत होते. आत काय होते ते एक अक्षर आठवत नव्हते. तिला चारही पाने पाठ होती. तेवीस वर्षांनंतर त्या बाकावर तिने मला ती म्हणून दाखविली. आम्ही मोटारीने निघालो, मिठागरांत मिठाचे ढीग उन्हात चमकत होते. आजीला रहाटपाळण्यात बसविले, ती म्हणाली गाव केवढेसे दिसते. मग अण्णा आणि मी रुळांवरच्या गाडीत बसलो. अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेविला. गाडी अगदी वर गेली तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि ते हळूच रामरक्षा म्हणू लागले. मला भीती वाटली नाही. मी त्यांचा हात धरला.

अकरा वर्षांच्या मुलीने मला इतके नेमके पाहिले होते, आणि त्यावर मी 'कल्पित' असे लिहिले होते. ज्या तासास तो शेरा मारला त्याच्या पुढच्याच तासास मी आठवीच्या वर्गावर मेघदूताची थोरवी सांगितली असेल. त्यातली अलका कालिदासाने कोणत्या मोटारीने जाऊन पाहिली होती, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

मी म्हणालो, "चार गुण कमीच झाले, बाळ."

"आता दहा दिलेत तरी निकाल बदलत नाही, अण्णा," ती म्हणाली. त्यात कडवटपणा नव्हता. तिची पत्रे असत तसेच ते एक नेटके वाक्य होते. मग जावईबापू चहा घेऊन आले आणि विषय निघून गेला. ती वही आहे काय, असे मी परतीच्या वाटेवर विचारले. घर बदलताना ती रद्दीत गेली होती.

मातोश्रींस मात्र रहाटपाळण्यात पुन्हा बसावयास मिळाले नाही. त्या २००४ साली गेल्या. भाईंदरहून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाचा तो रस्ता.

आता पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. ज्या आजोबांस हृदयविकार आहे, रक्तदाब चढतो, अथवा कण्याचे वा मानेचे दुखणे आहे, त्यांनी वेगाच्या यंत्रांत बसू नये. तेथील पाटीवर तसे लिहिलेले असते आणि ते आपल्या हितासाठीच असते. जेवणावर लगेच बसू नये. कवळी असल्यास ती सांभाळावी. (ही सूचना अनुभवाची आहे, परंतु माझ्या नव्हे.) उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असावी. पाळण्यात बसले नाही तरी चालेल. परंतु 'मी घर सांभाळतो' हे कारण चालणार नाही. घरास कुलूप लागते. पिशव्या सांभाळीत बाकावर बसणारा आजोबाही मुलांस लागतो. उतरल्या उतरल्या आपण किती उंच गेलो होतो ते कोणास तरी सांगावयाचे असते, आणि ज्याने खालून पाहिले त्यालाच ते सांगण्यात मौज.

आणि एक. पुढील वर्षी पाहू, असे म्हणू नये. १९९८ मध्ये एस्सेलवर्ल्डाच्या शेजारी वॉटर किंगडम हे जलोद्यान निघाले. ते आपण पुढील हिवाळ्यात पाहू, असे मी त्या दिवशी निघताना कन्येस म्हटले होते. भोजराजाचे वारिगृह पाहावयाचे राहिलेच होते. पुढचा हिवाळा आला तेव्हा तिला रजा मिळाली नाही, आणि २०२० च्या मार्चपासून महामारीने सर्वांचीच दारे लागली. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाले. वर्तमानपत्रात ती बातमी आली तेव्हा ज्या सात मुलांस मी पंगतीत बोध केला होता, त्यांतील पाच जणांनी त्या दिवशी एकमेकांस दूरध्वनी केले. दोघे परदेशी असतात. मोठी झाल्यावर ती सर्व आपापल्या पैशाने केव्हा ना केव्हा तेथे जाऊन आली होती, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. मला कोणी सांगितले नव्हते.

माझ्या धाकट्या भावाची नात यंदा चौथीत आहे. तिने ते उद्यान पाहिलेले नाही. पाहण्याचा संभवही उरला नाही. गेल्या पंधरवड्यात तिला शाळेतून निबंध घालण्यात आला, आणि ती पाटीदप्तर घेऊन ओटीवर माझ्यापाशी आली. तिने माझ्याकडून झिपर डिपरची हकीकत तीनदा ऐकली. साखळीचा आवाज कसा होतो ते दोनदा करून दाखवावयास लाविले. मग लिहावयास बसली. निबंधात ती स्वतः त्या गाडीत माझ्या शेजारी बसली आहे. गाडी समुद्रावरून जाते. आणि रामरक्षा मी नव्हे, तीच म्हणते, मी आपला ओरडतो. गाडी समुद्रावरून जात नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या आणि वही तिला परत दिली.